गोबरगॅसचा खड्डा आणि नियमांची चौकट : सामुदायिक जैवइंधन निर्मितीतील सुरक्षितता व पर्यावरणविषयक बंधनांचा ऐतिहासिक आढावा (१८९० ते २०२५)

प्रस्तावना

भारतातील ऊर्जेचा इतिहास प्रामुख्याने कोळसा, खनिज तेल, धरणे आणि विद्युत मंडळे यांच्या अनुषंगाने लिहिला गेला आहे. खेड्यातील चूल आणि त्या चुलीला पर्याय म्हणून आलेला गोबरगॅस यांचा उल्लेख या इतिहासात बहुधा एखाद्या परिच्छेदापुरता येतो. जेथे तो विस्ताराने येतो, तेथेही चर्चा होते ती किती संयंत्रे बांधली, किती अनुदान वाटले आणि किती संयंत्रे बंद पडली याची. वास्तविक शेण किंवा मैला कुजवून ज्वलनशील वायू निर्माण करणारी टाकी ही हेतुपुरस्सर प्राणवायूरहित ठेवलेली बंदिस्त जागा असते. तिच्यात माणूस उतरल्यास काय होते, तिच्यातून वायू झिरपल्यास कोणाची हानी होते, आणि ती वापरातून गेल्यावर तिची जबाबदारी कोणाकडे राहते, हे प्रश्न त्या टाकीइतकेच जुने आहेत.

प्रस्तुत निबंधात या प्रश्नांचा ऐतिहासिक मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे. निबंधाचे मुख्य प्रतिपादन असे की, भारतात लहान प्रमाणावरील जैवइंधन निर्मितीसाठी नियम झालेच नाहीत असे म्हणता येत नाही. नियम झाले, परंतु ते टाकीच्या बांधकामाचे आणि बाजारात आलेल्या वायूचे झाले. टाकीत उतरणाऱ्या माणसाचा विचार नियमांनी उशिरा आणि अर्धवट केला. हे केवळ प्रशासकीय दुर्लक्ष नाही. घाणीचे काम कोणी करावे याविषयीच्या आपल्या सामाजिक धारणांशी त्याचा निकटचा संबंध आहे. अभ्यासाची व्याप्ती बायोगॅसपुरती मर्यादित ठेवली असून महाराष्ट्रातील घडामोडींवर भर दिला आहे. तुलनेसाठी कर्नाटकातील एका प्रयोगाचा आधार घेतला आहे.

१. धोक्याचे स्वरूप

ऐतिहासिक विवेचनापूर्वी वायूचे स्वरूप थोडक्यात समजून घेणे आवश्यक आहे. बायोगॅसमध्ये साधारणतः ५५ ते ६५ टक्के मिथेन आणि उर्वरित बहुतांश कार्बन डायऑक्साइड असतो. त्याखेरीज पाण्याची वाफ आणि अल्प प्रमाणात हायड्रोजन सल्फाइड असतो. मिथेनचे हवेतील प्रमाण ५ ते १५ टक्के असेल तेव्हाच मिश्रण स्फोटक बनते. त्यामुळे बंद टाकीच्या आत, जेथे हवाच नसते, आगीचा धोका फारसा नसतो. तो संभवतो गळक्या नळीजवळ, कोंदट स्वयंपाकघरात किंवा झाकण नुकतेच उघडलेल्या टाकीच्या तोंडाशी.

टाकीच्या आतील धोका वेगळा आहे. तेथे प्राणवायूचा अभाव असतो आणि तळाच्या गाळात वायू अडकून राहिलेला असतो. वरून झाकण काढून ठेवले तरी गाळ ढवळताच हा वायू मोकळा होतो. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास अल्प प्रमाणातही जाणवतो. मात्र त्याचे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे शंभर भागांच्या पुढे गेले की घ्राणेंद्रिय बधिर होते. वास येईनासा झाला म्हणजे धोका टळला, असा समज करून घेणारा मनुष्य प्रत्यक्षात अधिक धोक्यात असतो. प्रमाण पाचशे ते हजार भागांपर्यंत गेल्यास काही क्षणांतच शुद्ध हरपते.

तिसरा धोका जंतूंचा आहे. मानवी मैल्यावर चालणाऱ्या संयंत्रातून बाहेर पडणाऱ्या स्लरीत जंतांची अंडी तग धरू शकतात. चौथा धोका वातावरणाचा असून त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे. हे चारही धोके संयंत्राच्या आयुष्यात निरनिराळ्या वेळी उद्भवतात. बांधकाम चांगले असेल तर गळती टळते, परंतु गाळ काढण्याच्या दिवशीचा किंवा संयंत्र सोडून दिल्यानंतरचा धोका चांगल्या बांधकामाने टळत नाही. नियमांच्या इतिहासाकडे पाहताना हा भेद ध्यानात ठेवावा लागतो.

२. माटुंग्याचा आरंभ

भारतातील बायोगॅसच्या इतिहासाचा आरंभ मुंबईतील माटुंगा येथे होतो, याबाबत अभ्यासकांत फारसे दुमत नाही. अनेक लेखांत आणि पाठ्यपुस्तकांत त्यासाठी १८५९ हे साल दिले जाते. तथापि माटुंग्याचा कुष्ठरुग्ण आश्रम मुंबईचे तत्कालीन महापालिका आयुक्त हॅरी ॲक्वर्थ यांच्या पुढाकाराने १८९० साली स्थापन झाला. त्यामुळे १८५९ हे साल ग्राह्य धरता येत नाही. १८९७ साली या आश्रमातील मैल्याच्या टाकीवर वायू गोळा करण्याची व्यवस्था करण्यात आली आणि त्या वायूचा उपयोग प्रकाशासाठी व पुढे इंजिन चालविण्यासाठी झाला, हा तपशील अधिक विश्वसनीय आहे. इंग्लंडमधील एक्सेटर येथे डोनाल्ड कॅमेरॉन यांनी १८९५ मध्ये सेप्टिक टँकमधील वायूवर दिवे लावले होते. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांत मुंबईत हा प्रयोग झाला, ही गोष्ट महत्त्वाची आहे. त्या काळी मुंबई महापालिकेत ड्रेनेज अभियंता असलेले सी. सी. जेम्स यांचा पूर्वेकडील शहरांच्या मैलानिःसारणावरील ग्रंथ १९०२ साली प्रसिद्ध झाला. हा विषय त्या वेळच्या नगरशासनाच्या दृष्टीने किती निकडीचा होता, हे त्यावरून लक्षात येते.

माटुंग्याच्या प्रयोगाकडे तंत्रज्ञानाचा पहिला टप्पा म्हणून पाहण्याची प्रथा आहे. परंतु तो एका विशिष्ट सामाजिक जागेत घडला होता. ज्यांना शहराने आपल्या वस्तीबाहेर ठेवले होते अशा निराधार रुग्णांच्या संस्थेत, त्यांच्याच मैल्यावर हा वायू तयार होत होता. १८९८ साली कुष्ठरोग्यांविषयीचा अखिल भारतीय अधिनियम झाला आणि निर्धन रुग्णांना आश्रमात ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळाला. भारतातील पहिले सामुदायिक बायोगॅस संयंत्र अशा रीतीने इच्छेने एकत्र आलेल्या गावाचे नव्हते. ते बंदिस्त समूहाचे होते. ज्यांनी त्याची देखभाल केली त्यांच्या सुरक्षिततेचा प्रश्न नगर अभियांत्रिकीच्या परिभाषेत उपस्थित होण्याचे कारणच नव्हते. त्या परिभाषेत मैला हा शहरापुढील प्रश्न होता आणि वायू हा त्यातून झालेला लाभ होता.

३. ग्रामलक्ष्मी ते राष्ट्रीय प्रकल्प : अनुदान आणि तपासणी

मैल्यावरून शेणाकडे झालेले स्थित्यंतर हा या इतिहासातील दुसरा टप्पा होय. १९३९ साली दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी शेणापासून वायू मिळविण्याचे प्रयोग केले. १९५१ साली जशभाई पटेल यांनी तरंगत्या टाकीचा ‘ग्रामलक्ष्मी’ हा आराखडा सिद्ध केला. मुंबईत मुख्यालय असलेल्या खादी व ग्रामोद्योग आयोगाने १९६० च्या दशकाच्या आरंभी गोबरगॅसची योजना हाती घेतली. या आराखड्यात शेणकाल्याच्या विहिरीवर लोखंडी टाकी उलटी तरंगत असे. वायू साठला की टाकी वर येई, वापरला की खाली बसे. वायूचा दाब पाण्याच्या सुमारे दहा सेंटिमीटर उंचीइतकाच राही. टाकीच्या उंचीवरून वायू किती आहे हे घरातील कोणालाही कळत असल्याने ही रचना साधी आणि त्या मानाने सुरक्षित होती. तिचा दोष असा की लोखंड गंजत असे आणि दरवर्षी रंग द्यावा लागे.

१९७३ च्या तेलसंकटानंतर शासनाचे या विषयाकडे लक्ष गेले. खर्च कमी करण्यासाठी १९७८ मध्ये ‘जनता’ हा स्थिर घुमटाचा आराखडा आणि १९८४ मध्ये ‘अफ्प्रो’ या संस्थेचा ‘दीनबंधू’ आराखडा पुढे आला. लोखंडी टाकी गेली, विटांचा व सिमेंटचा घुमट आला. खर्च कमी झाला, परंतु घुमटातील दाब पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक झाला आणि वायू किती साठला आहे हे डोळ्यांना दिसेनासे झाले. घुमटास सूक्ष्म तडा गेल्यास तो शोधणेही अवघड झाले. अर्थात खर्च कमी करणाऱ्या निर्णयामुळे सुरक्षिततेचा भार गवंड्याच्या कौशल्यावर जाऊन पडला.

१९८१-८२ मध्ये राष्ट्रीय बायोगॅस विकास प्रकल्प सुरू झाला. यानंतरच्या काळात देशभर सुमारे ५० लाख आणि एकट्या महाराष्ट्रात सुमारे ९ लाख घरगुती संयंत्रे उभारली गेली. भारतीय मानक संस्थेने आयएस ९४७८ ही संहिता सिद्ध केली. तिची १९८९ ची आवृत्ती कौटुंबिक संयंत्रांसंबंधी आहे. संयंत्र पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून साधारण १० ते १५ मीटर दूर असावे, हवामानानुसार शेणकाला टाकीत ३०, ४० किंवा ५५ दिवस राहील असा आकार ठरवावा, असे दंडक या काळात रूढ झाले. हे सर्व दंडक उपयुक्त होते. मात्र त्यांच्या अंमलबजावणीचे एकमेव साधन अनुदान हे होते. संयंत्र आराखड्याप्रमाणे बांधले आहे काय, ते सुरू झाले काय, याची पाहणी होई आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला मिळाला की अनुदान मिळे. बांधून देणाऱ्या व्यक्तीवर काही वर्षांच्या दुरुस्तीची हमी असे. हमीचा काळ संपला की संयंत्र नियमांच्या दृष्टीतून नाहीसे होई.

याचा परिणाम असा झाला की नियमपालन म्हणजे आरंभीची एक तपासणी, हा समज दृढ झाला. सदर समज कोणी मुद्दाम निर्माण केला असे नाही. ज्या खात्याकडे उद्दिष्टपूर्तीचे आकडे मागितले जातात ते खाते बांधलेल्या संयंत्रांची मोजणी करते. पाच-दहा वर्षांनंतर कोणत्या संयंत्रातून गाळ काढला आणि तो कोणी काढला, हा रकाना त्या तक्त्यात नसतो.

४. संडास, गोबरगॅस आणि आप्पासाहेब पटवर्धन

याच सुमारास महाराष्ट्रात एक वेगळी विचारधारा विकसित होत होती. तिचे प्रवर्तक सीताराम पुरुषोत्तम तथा आप्पासाहेब पटवर्धन (१८९४-१९७१) होत. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी भंगीकाम मिळावे अशी मागणी केली. उच्चवर्णीय कैद्यास हे काम देण्यास तुरुंग प्रशासनाने नकार दिला. त्याविरुद्ध आप्पासाहेबांनी अन्नत्यागाचा मार्ग स्वीकारला आणि त्यांच्या समर्थनार्थ महात्मा गांधींनी येरवडा तुरुंगात ३ डिसेंबर १९३२ रोजी उपवास आरंभिला. हा प्रसंग सुपरिचित आहे. परंतु तो बायोगॅसच्या इतिहासाशी जोडून पाहिला जात नाही, हे खेदाने नमूद करावे लागते.

स्वातंत्र्यानंतर कणकवलीजवळ गोपुरी आश्रमात आप्पासाहेबांनी सोपा संडास, मैलाखत आणि गोबरगॅसला संडास जोडणे या दिशेने काम केले. त्यांच्या दृष्टीने वायू हे मुख्य उद्दिष्ट नव्हते. मैला कोणाच्याही डोक्यावरून वा हातातून न जाता त्याचे खत व्हावे आणि त्यायोगे एका जातीवर लादलेले काम संपावे, हा त्यांचा हेतू होता. आयोगाच्या आराखड्यात ‘वायू किती मिळेल’ हा पहिला प्रश्न होता. आप्पासाहेबांच्या विचारात ‘हात कोणाचा लागेल’ हा पहिला प्रश्न होता. सुरक्षिततेच्या इतिहासात हा दृष्टिभेद मूलभूत स्वरूपाचा मानावा लागतो.

ही परंपरा देहू येथे डॉ. एस. व्ही. मापुसकर यांनी पुढे नेली. १९६० च्या सुमारास ते देहूच्या आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झाले. संडासांच्या प्रसारासाठी त्यांनी केलेल्या पहिल्या प्रयत्नांत अपयश आले. सुरुवातीचे संडास पावसाळ्यात ढासळले. त्यानंतर त्यांनी आराखड्यांचा स्वतः अभ्यास केला आणि आप्पासाहेबांच्या विचारांतून आलेल्या ‘मलप्रभा’ या मानवी मैल्यावरील संयंत्राचा विकास केला. मैला संडासातून थेट टाकीत जावा, मध्ये कोठेही हाताळणी होऊ नये आणि बाहेर पडणारा द्रव निर्धोक व्हावा, हे या रचनेचे तत्त्व होते. देहूत संडासाच्या प्रसाराला चार दशके लागली. २००४ च्या सुमारास गाव उघड्यावरील शौचापासून मुक्त झाले. डॉ. मापुसकरांना २०१७ साली मरणोत्तर पद्मश्रीने गौरविण्यात आले.

देहूच्या अनुभवातून दोन बाबी स्पष्ट होतात. एक, लोकांनी मैल्यावरचा वायू स्वयंपाकाला स्वीकारणे हा तंत्राचा प्रश्न नसून विश्वासाचा प्रश्न असतो. दुसरी, आरोग्य खात्यातील माणूस दीर्घकाळ एकाच गावी राहिला म्हणून तेथील संयंत्रांवर सातत्याने लक्ष राहिले. अनुदानाच्या व्यवस्थेत असे सातत्य अंतर्भूत नव्हते. येथे ते एका व्यक्तीच्या निष्ठेमुळे शक्य झाले.

५. सामुदायिक संयंत्र : पुरा गावाचा दाखला

सामुदायिक संयंत्रांचा स्वतंत्र कार्यक्रम १९८० च्या दशकात सुरू झाला. दोन घनमीटर क्षमतेच्या घरगुती संयंत्रास रोज सुमारे ५० किलो शेण लागते, म्हणजे किमान चार-पाच जनावरे हवीत. ज्यांच्याकडे तेवढी जनावरे नाहीत त्यांना सामुदायिक संयंत्राचा लाभ व्हावा, ही कल्पना न्याय्य होती. परंतु गावात शेण कोणाच्याही मालकीचे नसते असे गृहीत धरणे चुकीचे ठरले. भूमिहीन कुटुंबे रस्त्यावरचे शेण गोळा करून गोवऱ्या थापतात. संयंत्र आल्यावर त्याच शेणाला मोल आले आणि ते या कुटुंबांना मिळेनासे होण्याची शक्यता निर्माण झाली.

या दृष्टीने कर्नाटकातील तुमकूर जिल्ह्यातील पुरा या गावाचा प्रयोग उद्बोधक आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील ‘अस्त्र’ या गटाने प्रा. अमूल्य रेड्डी यांच्या नेतृत्वाखाली तेथे प्रथम स्वयंपाकासाठी वायू देण्याचा प्रयत्न केला. सर्वांच्या स्वयंपाकाला पुरेल इतके शेण नसल्याने तो यशस्वी झाला नाही. १९८७ पासून तोच वायू इंजिनासाठी वापरून नळाचे पाणी आणि घरात विजेचा दिवा देण्यात आला. शेण आणून देणाऱ्यास मोबदला, स्लरीची परतफेड, गावाची समिती आणि संयंत्र चालविण्यासाठी गावातीलच प्रशिक्षित तरुण अशी त्याची व्यवस्था होती.

सुरक्षिततेच्या दृष्टीने पुरा गावाचे महत्त्व असे की तेथे संयंत्र चालविणे हे नाव असलेले, पगार असलेले आणि प्रशिक्षण असलेले काम होते. घरगुती संयंत्रात हे काम अनामिक असते. रोज शेण कालविणारी बहुधा घरातील स्त्री असते आणि काही वर्षांनी गाळ काढण्यासाठी बोलावला जातो तो मजूर असतो. काम अनामिक असले की त्याच्या धोक्याची नोंद करण्यासाठी रकानाच उरत नाही.

शहरी भागात २००० नंतर या विषयास पुन्हा चालना मिळाली. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली २००३ मध्ये उष्ट्या-खरकट्यावर चालणारे लहान संयंत्र विकसित केले. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी ‘निसर्गऋण’ हे संयंत्र सिद्ध केले. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी मोठ्या प्रमाणावर कचरा निर्माण करणाऱ्या संस्थांवर ओला कचरा आपल्या आवारातच जिरविण्याची जबाबदारी टाकली. परिणामी गृहनिर्माण संस्था, वसतिगृहे आणि महाविद्यालये यांच्या आवारात बायोगॅसच्या टाक्या आल्या. हा विषय केवळ खेड्याचा राहिला नाही.

६. कायद्याच्या तीन वाटा

आज लहान बायोगॅस संयंत्राला लागू होऊ शकणारे कायदे पाहिले असता तीन स्वतंत्र वाटा दिसून येतात आणि त्या एकमेकींस मिळत नाहीत.

पहिली वाट वायूची. कमी दाबाचा वायू नळीने चुलीपर्यंत नेला तर त्यावर फारशी बंधने नाहीत. तोच वायू शुद्ध करून दाबाखाली नळकांड्यात भरला की २०१६ चे वायू नळकांडी नियम लागू होतात आणि नागपूर येथे मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेची परवानगी घ्यावी लागते. शुद्ध केलेल्या वायूच्या गुणवत्तेसाठी आयएस १६०८७ हे मानक आहे. १ ऑक्टोबर २०१८ रोजी जाहीर झालेल्या ‘सतत’ योजनेनंतर या वाटेवरील नियम अधिक काटेकोर झाले. वायू विक्रीयोग्य वस्तू बनला की नियमांची चौकट भक्कम होते.

दुसरी वाट कारखान्याची. १९४८ च्या कारखाना अधिनियमातील कलम ३६ मध्ये विषारी वायू असलेल्या बंदिस्त जागेत माणूस उतरविण्यापूर्वी घ्यावयाच्या दक्षतेची तरतूद होती. तथापि कामगारसंख्येच्या अटीमुळे गावातील संयंत्र तिच्या कक्षेबाहेर राही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली. यंत्रशक्ती वापरणाऱ्या कारखान्यासाठीची संख्यामर्यादा १० वरून २० झाली. लहान संयंत्र या चौकटीपासून आणखी दूर गेले.

तिसरी वाट मैल्याची. हाताने मैला साफ करणाऱ्या व्यक्तींच्या सेवायोजनास प्रतिबंध व त्यांचे पुनर्वसन अधिनियम, २०१३ याने गटार आणि सेप्टिक टँक यांच्या धोकादायक साफसफाईसाठी माणूस कामास लावण्यास मनाई केली. या अधिनियमातील सेप्टिक टँकची व्याख्या पाहिली असता, मानवी मैला साठवून जिवाणूंच्या क्रियेने त्याचे विघटन घडवून आणणारी जलाभेद्य टाकी असा तिचा आशय आहे. संडास जोडलेल्या बायोगॅसच्या टाकीस हे वर्णन तंतोतंत लागू पडते. त्यामुळे अशी टाकी या अधिनियमाच्या संरक्षणात येते, असा अर्थ लावणे प्रस्तुत लेखकास सयुक्तिक वाटते. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी गटारात मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबीयांना १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला आणि २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ही रक्कम ३० लाख रुपये केली.

मात्र केवळ शेणावर चालणाऱ्या टाकीला ही व्याख्या लागू होत नाही. फुप्फुसांच्या दृष्टीने शेणाच्या आणि मैल्याच्या टाकीतील वायू सारखाच असतो. कायद्याने अस्पृश्यतेच्या इतिहासाची दखल घेऊन मैल्याचा विचार केला, हे योग्यच झाले. परंतु शेण पवित्र आणि मैला अपवित्र या जुन्या विभागणीची छाया संरक्षणाच्या मर्यादेवरही पडली. शेणाच्या खड्ड्यात उतरणारा मजूर किंवा शेतकऱ्याच्या घरातील माणूस कोणत्याच वाटेवर सापडत नाही.

७. वाकडीची दुर्घटना

हा युक्तिवाद केवळ तात्त्विक नाही, हे ९ एप्रिल २०२४ रोजी, गुढीपाडव्याच्या दिवशी, सिद्ध झाले. तत्कालीन अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील नेवासा तालुक्यात वाकडी येथे एक जुनी विहीर जनावरांचे शेणमूत्र साठविण्यासाठी बायोगॅसचा खड्डा म्हणून वापरली जात होती. तिच्यात पडलेल्या मांजरास वाचविण्यासाठी एक जण उतरला. तो वर येईना म्हणून दुसरा उतरला, त्याच्यामागून इतर. पाच जण मृत्युमुखी पडले. सहाव्याने कमरेला दोरी बांधली होती. त्याला बाहेर ओढून काढता आले.

या घटनेतील प्रत्येक तपशील या निबंधाच्या विषयाशी निगडित आहे. येथे ना स्फोट झाला, ना आग लागली. ती विहीर कोणत्याही मानक आराखड्यानुसार बांधलेली टाकी नव्हती, म्हणून अनुदानाच्या तपासणीचा संबंध आला नाही. वायू विकला जात नव्हता, म्हणून वायूविषयक नियम लागू नव्हते. कोणी कोणाचा नोकर म्हणून उतरला नव्हता आणि खड्ड्यात मानवी मैला नव्हता, म्हणून २०१३ चा अधिनियमही लागू नव्हता. एकामागून एक माणसे उतरली ती अविचाराने नव्हे, तर आपल्या माणसाला वाचविण्याच्या स्वाभाविक प्रेरणेने. बंदिस्त जागेतील दुर्घटनांत वाचविणाऱ्यांचाच बळी जातो, हे औद्योगिक सुरक्षाशास्त्रास ठाऊक आहे. ते ज्ञान गावापर्यंत पोहोचविण्याचे काम मात्र कोणत्याही योजनेच्या उद्दिष्टांत प्राधान्याने आले नाही.

८. पर्यावरणविषयक बंधने

बायोगॅसचा प्रसार पर्यावरणाच्या नावाने झाला आणि त्यात तथ्य आहे. सरपणाची बचत होते, स्वयंपाकघरातील धूर जातो, स्लरीचे उत्तम खत होते. तथापि मिथेन हा तीव्र हरितगृह वायू आहे. आंतरशासकीय हवामानबदल मंडळाच्या सहाव्या अहवालानुसार (२०२१) शंभर वर्षांच्या कालावधीत जैविक मिथेनचा तापमानवाढीवरील परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट आहे. दोन घनमीटरच्या संयंत्रात रोज सुमारे ०.८ किलो मिथेन तयार होतो असे धरले आणि त्यातील दहावा हिस्सा गळून गेला, तर वर्षाला सुमारे २९ किलो मिथेन, म्हणजे जवळजवळ ८०० किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार वातावरणावर पडतो. वायू न वापरता सोडून देणाऱ्या मोठ्या संयंत्राचा भार त्या प्रमाणात वाढतो.

येथे सुरक्षितता आणि पर्यावरण हे दोन प्रश्न एकत्र येतात. सांध्यांना साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का हे पाहणे, गंजलेला व्हॉल्व्ह बदलणे, नको असलेला वायू जाळून टाकणे, या साध्या कृतींनी आगीचा धोका आणि मिथेनची गळती या दोहोंना आळा बसतो. वेगळ्या यंत्रणेची त्यासाठी गरज नाही. गरज आहे ती संयंत्राकडे वर्षातून एकदा तरी कोणी पाहण्याची.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१) भारतात लहान प्रमाणावरील बायोगॅसचा आरंभ बंदिस्त समूहाच्या मैल्यापासून झाला. त्या वेळी काम करणाऱ्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न उपस्थित झाला नाही आणि पुढील व्यवस्थांनी ही उणीव वारशाने घेतली.

२) १९८१-८२ नंतर अनुदानाशी जोडलेली आरंभीची तपासणी हेच नियमपालन मानले गेले. साफसफाई आणि संयंत्राचा त्याग हे सर्वाधिक धोक्याचे टप्पे तिच्याबाहेर राहिले.

३) आप्पासाहेब पटवर्धन आणि डॉ. मापुसकर यांच्या कार्यात हाताळणी करणाऱ्या माणसापासून विचाराचा आरंभ होतो. हा वारसा सुरक्षाविषयक धोरणाचा पाया होऊ शकतो.

४) विद्यमान कायदे वायू, कारखाना आणि मैला यांप्रमाणे विभागलेले आहेत. शेणाचा खड्डा तिन्हींतून निसटतो.

यावर उपाय म्हणून प्रत्येक लहान संयंत्रास मोठ्या उद्योगासारखे परवाने लावणे इष्ट होणार नाही. तसे केल्यास संयंत्रेच बंद पडतील. ग्रामपंचायतीकडे चालू व बंद खड्ड्यांची नोंदवही, टाकीच्या तोंडाशी मराठीतून ठळक सूचना, माणूस न उतरविता गाळ उपसण्याची सोय, आणि वापरात नसलेला खड्डा बुजविण्याची किंवा जाळीने झाकण्याची जबाबदारी या चार गोष्टी अल्प खर्चात साध्य होण्याजोग्या आहेत. २०१३ च्या अधिनियमाचे संरक्षण शेणाच्या टाकीपर्यंत विस्तारणे हा पाचवा आणि अधिक मूलगामी उपाय ठरेल.

या कामी महाविद्यालयांनाही वाटा उचलता येईल. राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे ज्या गावांत भरतात तेथे एका दिवसात गावातील सर्व खड्ड्यांची पाहणी होऊ शकते. किती संयंत्रे बांधली याची आकडेवारी शासनाकडे आहे. किती खड्डे उघडे आहेत, त्यांतील गाळ यापूर्वी कोणी काढला आणि पुढच्या खेपेस कोणास बोलावले जाणार आहे, ही माहिती गावागावांत विखुरलेली आहे. ती एकत्र करणे हे इतिहास, समाजशास्त्र आणि रसायनशास्त्र या तिन्ही विभागांना मिळून करता येण्यासारखे काम आहे, आणि पुढील पावसाळ्यापूर्वी ते हाती घेता येईल.